पाणी पिणारी होडी

नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याखाली, तळघरात अपूर्व लेले यांचं दुकान आहे. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, होड्या, विमानं. पुढे काचेच्या कपाटापाशी गिऱ्हाईक, आणि मागे पडद्याआड सोल्डरिंगचा धूर नाकाशी घेत बसलेली मनाली तांडेल. चाळिशीला टेकलेली, अंगानं काटकुळी, गळ्यात काळ्या दोऱ्यात एकवीरा आईचा चांदीचा टाक.

दुकानात येणारी बहुतेक दुखणी एकाच जागेची असतात. बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये काडेपेटीएवढी डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. रिमोटची कळ जितकी दाबाल तितका करंट ती मोटरला सोडते. म्हणजे बॅटरीचा जोर आणि मोटरची हाव, दोन्ही तिच्या अंगावरून जातात. नवरा आणि सासू यांच्या मध्ये सून असते ना, तशी. भार ज्याच्या अंगावरून जातो तो तापतो, आणि तापलेलं बाहेर काढायला वाट नसली की एक दिवस धूर निघतो. मग सगळे म्हणतात, मालच हलका होता.

मनाली गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलेली. "गाडी जोरात पळावी म्हणून मोठं दातचक्र बसवू नका. चाकात गवत अडकलंय का बघा. कंट्रोलरवरच्या पंख्याची धूळ झटका. एक बॅटरी संपली की लगेच दुसरी लावू नका, गाडीला दम खाऊ द्या." कंट्रोलर किती तापलाय हे बघायची तिची स्वतःची रीत होती. त्याच्यावर बोट टेकायचं आणि मनात म्हणायचं, 'आई एकवीरे, पाव गं.' तेवढं म्हणेपर्यंत बोट राहिलं तर ठीक. त्याआधी उचलावं लागलं तर गाडी बंद.

"मनालीताई, तापमान बघायची गन आहे आपल्याकडे," अपूर्व हसायचा.

"आहे ना. तिचा सेल संपतो. आईचा संपत नाही."

अपूर्व वयानं लहान, पण मालक. तो चेष्टा करायचा, तिला ती लागायची नाही. तिला लागायचं ते घरातलं.

मनाली ही सखाराम तांडेलांची एकुलती एक. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात जन्मलेली, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हे तिच्या घराचं आडनावही होतं आणि कामही, तिच्या वडिलांपर्यंत. लग्न होऊन ती डोंबिवलीत कोपरला गेली, तिथून एका कारखान्यात सर्किटं जोडायला जायची, तिथंच सोल्डरिंग शिकली. मूल झालं नाही. मग ती माहेरी परत आली. पाठवली असं कोणीच म्हटलं नाही, म्हणजे परत आली असंच म्हणायचं. ती आली त्याच्या पुढच्याच वर्षी आई, चंद्रभागा, गेली. घरात उरले बाप आणि लेक, आणि दोघांच्या मध्ये एक मान.

हा मान काय होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याचा सोन्याचा नारळ, म्हणजे सोनेरी कागदात मढवलेला, खाडीच्या मधल्या धारेला अर्पण करायचा असतो. तो तांडेलांच्या होडीतून जायचा. पिढ्यानपिढ्या. देवळात पहिली आरती तांडेलांची, हळदी-लग्नात पहिला विडा तांडेलांचा, तो याच्यामुळे. पण खाडीत मासा राहिला नाही, काळं पाणी आणि गाळ राहिला. धक्क्यापाशी इतका गाळ साचला की मोठी होडी लागेना. सखारामांची होडी काठावर पडून पडून उकलली, तिच्या फळ्या एका थंडीत लोकांनी शेकोटीला नेल्या. त्यानंतर नारळ काठावरून फेकायचा. सखाराम फेकायचे. पण मान होडीचा होता, हाताचा नव्हता, आणि हे पहिल्यांदा बोलून दाखवलं महेंद्रनं.

महेंद्र म्हणजे सखारामांच्या थोरल्या भावाचा मुलगा. मंडळाचा अध्यक्ष. पांढरे कपडे, मनगटात जाड कडं, बोलणं गोड. आषाढात देवळासमोर बैठक बसली तेव्हा तो म्हणाला, "काका, राग नका मानू. पण होरी नाय, होरी चालवनारा पोरगा नाय, तर मान कसला ठेवाचा? मी भाड्यानं बोट आनतो समोरच्या काठावरून. बँडबिंड लावू. गावाचं नाव होईल."

सखाराम खाली बघत राहिले. बायकांत बसलेली मनाली उठली.

"महेंद्रदादा, होडी आपली पाहिजे ना? मी करते होडी. रिमोटची. गाळातसुद्धा तरंगेल, बोटभर पाणी असलं तरी चालेल. बाबा काठावरून चालवतील. नारळ मधल्या धारेपर्यंत नेऊन सोडेल."

आधी कोणाला कळेना. मग हशा पिकला. मासळीवाली गंगुबाई, मनालीच्या आईची मैत्रीण, तेवढी ओरडली, "हसताव कं? पोरीनं माजा बंद परलेला मिक्सर चालू केला. करू द्या तिला!"

महेंद्रही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "बरं. सगल्यांच्या समोर बोलतो. यंदा काकांची खेलन्यातली होरी. नारल मधल्या धारेला गेला, तर मान तुमच्या घरात, काकांच्या मागं मनालीकडंसुद्धा. नाय गेला, तर मान माज्या घरात. कायमचा. कबूल?"

मनालीकडंसुद्धा! हा शब्द देवळासमोरच्या त्या पारावर याआधी कोणी उच्चारला नव्हता.  मनालीनं वडिलांकडे बघितलं. सखारामांनी मान हलवली, पण ती कशाला हलवली हे तिला तेव्हाही कळलं नाही.

होडी करायला तिला श्रावण लागेपर्यंत वेळ लागला. अपूर्वनं दुकानातला एक जुना सांगाडा दिला, "फुकट जाहिरात होईल आमची," म्हणाला. फायबरचं अंग, आत दोन कप्पे, वर नारळाची खोबण आणि रिमोटनं उघडणारी झडप. मोटर दांडगी बसवली, कारण नारळाचं ओझं आणि वर धारेचा जोर. आणि मोटर दांडगी म्हटल्यावर कंट्रोलर तापणार.

गाडीवर पंखा बसवला की भागतं. होडीत पंखा नाही चालत. झाकण घट्ट नसलं तर पाणी उडून आतलं सगळं जळेल, आणि घट्ट असलं तर पंखा तीच गरम हवा घुसळत बसेल. मग उपाय एकच, पाण्यानंच थंड करायचं. तिनं होडीच्या बुडाला, फिरणाऱ्या पात्याच्या मागे, पितळेची बारीक नळी बसवली. पातं फिरलं की पाणी जोरानं त्या नळीत शिरायचं, रबरी नळीतून कंट्रोलरच्या भोवती फिरायचं, त्याची आग घेऊन होडीच्या कुशीतल्या दुसऱ्या भोकातून बाहेर पडायचं. आत एक थेंब सांडत नव्हता. कुशीतून बारीक धार पडतेय तोवर होडीची तब्येत ठणठणीत.

पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात भरतीला तिनं धक्क्यावर चाचणी घेतली. सखारामांचे गुडघे धरलेले, ते घरीच होते. गंगुबाई मात्र टोपली खाली ठेवून बघत राहिली. होडी नारळाएवढा दगड घेऊन सरळ मधल्या धारेला गेली, वळसा घेऊन परत आली. मनालीनं झाकण उघडलं, कंट्रोलरवर बोट टेकलं. 'आई एकवीरे, पाव गं' म्हणून झालं, पुन्हा एकदा म्हणून झालं, बोट तिथंच. कोमट.

"अगो बाय," गंगुबाई पदरात तोंड घालून हसत होती, "ही तुजी होरी मुतते कं गो?"

"मुतते म्हणून तर चालते, मावशी."

झालं. गंगुबाईच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत सखारामांच्या कानावर गेलं. जेवताना त्यांनी विचारलं, "मने, होरीच्या कुशीतून पानी परतंय म्हनं?"

मनाली आनंदात होती. आनंदात माणूस शब्द जपत नाही. ती म्हणाली, "हो बाबा. ती पाणी पिते. पाणी पिते म्हणूनच थंड राहते."

सखारामांचा हात ताटात थांबला.

कोळ्याच्या घरात 'होडी पाणी पिते' याचा एकच अर्थ असतो. फळी उकलली, बूड गळतंय, होडी जाणार आणि माणसंही जाणार. सखारामांचा सख्खा काका पाणी पिणाऱ्या होडीतूनच गेला होता, समुद्राच्या तोंडाशी. हे मनालीला माहीत नव्हतं असं नाही. पण ती दिवसभर जिथं बसायची तिथं हा शब्द वेगळा होता, आणि एका तोंडात दोन घरचे शब्द असले की असं होतं. तिनं मग नळी कशी फिरते ते ताटातल्या वाटीवर बोट फिरवून समजावलंही. सखाराम "हां, हां" म्हणाले. बाबा थक्क झालेत, असं तिला वाटलं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिनं पाण्याच्या मोठ्या टबात होडी शेवटची चालवून बघितली. धार पडली. तिनं होडी पुसून वडिलांच्या हातात दिली. आता तिचं काम संपलं होतं. होडीची एकदा पूजा झाली की नारळ जाईपर्यंत तिला बाईचा हात लागायचा नाही, ही रीत. मनालीनं ती कधी मोडली नसती. ती देवाची माणूस होती, वाद घालणारी नव्हती. तिनं देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, फुलं काढून दिली, दिव्यात तेल घातलं आणि मागे सरून हात जोडले. सखारामांनी होडी पाटावर ठेवली, दार लोटून घेतलं आणि पूजेला बसले. बराच वेळ बसले.

पौर्णिमेला दुपारपासून काठ माणसांनी भरला. नवी लुगडी, टोप्या, बेंजो. भरती चढत होती. महेंद्रनं माईकवर दोन-तीनदा "आपल्या काकांची होरी" असं म्हणून घेतलं आणि प्रत्येक वेळी माणसं हसली. सखाराम पांढरी बंडी आणि लाल टोपी घालून धक्क्याच्या टोकाशी उभे होते, हातात रिमोट. आठवडाभर ते घरात पलंगावर बसून कळ कशी दाबायची ते शिकले होते आणि त्यांचा हात चांगला बसला होता. मनाली बायकांत, मागे.

होडी पाण्यात सोडली. झेंडूचा हार, वर सोनेरी नारळ. निघाली ती एकदम डौलात निघाली. हसणारी माणसं गप्प झाली. कोणीतरी म्हणालं, "आयला, भारी हाय ही!" सखारामांची पाठ ताठ झाली. मनालीला ती पाठ मागूनही ओळखू आली. लहानपणी खऱ्या होडीवर दिसायची तीच.

मग तिनं होडीच्या कुशीकडे बघितलं. धार नव्हती.

आधी वाटलं हाराआड असेल. ती माणसं सारत पुढे आली. होडीनं थोडं अंग वळवलं, कूस स्वच्छ दिसली. धार नव्हतीच.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, परत फिरवा! कंट्रोलर तापेल. परत फिरवा, मी एका मिनिटात—"

काठ चपापला. सखारामांनी मागे वळूनही बघितलं नाही. "नारल घेऊन निगालेली होरी मागं फिरवतान कं?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. तशी रीत नव्हती.

"मग सावकाश न्या! कळ अर्धीच दाबा, बाबा, तिला दम खाऊ द्या!"

पण धार आता समोरून लागत होती, होडी रेंगाळायला लागली होती, आणि सगळा कोळीवाडा बघत होता. सखारामांनी कळ पूर्ण दाबली. होडीनं उसळी घेतली. मधल्या धारेचं पाणी वेगळं दिसतं, गाळाच्या रंगात एक हिरवट पट्टा. होडी त्या पट्ट्याच्या अलीकडे पोचली आणि थांबली. झाकणाच्या फटीतून निळसर धूर निघाला, वाऱ्यानं मोडला. सखाराम कळ दाबत राहिले. होडी आडवी झाली आणि भरतीच्या पाण्याबरोबर, नारळ डोक्यावर घेऊन, हळूहळू तिवरांच्या झाडीत जाऊन अडकली.

बेंजो कधी थांबला कोणाला कळलं नाही. पहिला आवाज कोणाचा आला तेही नाही, पण तो काठभर फिरला. बाईचा हात लागला. बाईनं केलेली होरी, मंग काय होनार? त्यातून घर सोरून आलेली. मनालीनं तो ऐकला. तिच्या वडिलांनीही ऐकला.

महेंद्रनं पोरं पाठवून चिखलातून होडी आणवली, नारळ काढून घेतला आणि काठावरून स्वतःच्या हातानं फेकला. होडी मनालीच्या पायाशी आणून ठेवली, अगदी अदबीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरात वर्तमानपत्र पसरून होडी उघडली. कंट्रोलर काळाठिक्कर, वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास. पितळेच्या नळीत तिनं सुई घातली तर सुई रुतली. ओढलं तर राळ आणि तेलात भिजवलेला कापूस बाहेर आला. कुशीतल्या भोकातही तोच. ठासून, नीट, काठोकाठ भरलेला. जाणत्या हाताचं काम. होडीच्या फटी बुजवायला तिचा बाप आयुष्यभर हेच वापरत आला होता. त्याचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता, आणि तो तिला आवडायचा.

सखाराम खाटेवर बसून बघत होते.

"बाबा?"

"ते मी बुजवलं," ते म्हणाले. सरळ, आवाज न चढवता. "पूजेच्या टायमाला."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. वाटीवर दाखवलं होतं."

"तू सांगितलंस, ती पानी पिते."

 मनालीनं कापूस कागदात गुंडाळला.

मंडळाची बैठक तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळासमोर होती. तिनं जाताना मनाशी ठरवलं होतं, बाबांचं नाव घ्यायचं नाही. फक्त एवढंच सांगायचं की होडी बाईच्या हातानं बंद पडली नाही. मान गेला तर जाऊ दे, पण ते एक वाक्य तिला तिथून पुसून टाकायचं होतं. देवळात जाऊन तिनं आधी गावदेवीपुढे डोकं टेकवलं, मग कागद उलगडून महेंद्रच्या टेबलावर ठेवला.

"हे नळीत होतं. पाणी फिरायला वाट राहिली नाही, म्हणून आतलं यंत्र तापून जळलं. माझ्या हातानं नाही, कोणाच्या नजरेनं नाही. नळी मोकळी असती तर नारळ गेला असता. गंगूमावशीनं चाचणीला बघितलंय."

महेंद्रनं कापूस चिमटीत धरून बघितला. "पन घातला कोनी हा?"

"ते जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? गावाच्या होरीला कोनी दगाफटका केला, तर समजाय नको?"

तेव्हा सखाराम उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"दगा नाय. मी घातला," ते म्हणाले. "होरीच्या बुडाला भोक होतं. पानी आत येत होतं नि कुशीतून भायेर परत होतं. माज्या बापानं, आज्यानं होऱ्या चालवल्या. मी डोल्यानं भोक बगाचं आनि वर देवाचा नारल ठेवून तिला दर्यात सोराची? कोन सोरेल? तुमच्यातला कोन सोरेल, सांगा."

 आणि मग पारावरची म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली. बरोबर हाय तांडेल. आमीपन बुजवलं असतं. भोक बगून गप बसला तो कोली कसला!

"अहो, पण ते पाणी होडीत येत नाही," मनाली म्हणाली. "नळीतून जातं आणि बाहेर पडतं. मावशी, तू बघितलंस ना? होडी चालली ना?"

गंगुबाई कानकोंडी झाली. "चालली गो. पन पानी आत येत होतं का नाय?"

"येतं, पण—"

"मंग झालं तर!" कोणीतरी मागून ओरडलं आणि हशा पिकला. चांगला खणखणीत, मनमोकळा हशा. गंगुबाईही हसली, मग मनालीच्या दंडाला धरून म्हणाली, "तू शिकलेली हायस, मने. पन भोक ते भोकच गो."

महेंद्रनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो फार समजूतदारपणे बोलला. मनालीनं मनापासून केलं, कोणी तिला नावं ठेवू नयेत, बाईच्या हाताचं वगैरे बोलू नये, जमाना बदललाय. चूक फक्त एवढीच की होरी करताना होरीला भोक पाडलं, आणि ते काकांच्या नजरेनं हेरलं. ठरल्याप्रमाणं मान आता त्याच्या घरात. पण अशी नजर असलेला शेवटचा तांडेल गावात आहे, याचा गावाला अभिमान पाहिजे. असं म्हणून त्यानं आतून शाल आणि नारळ मागवला. दोन्ही तयारच होते.

सखारामांच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. टेबलावरचा कापूस कोणीतरी हातानं झटकून खाली पाडला.

घरी आल्यावर सखारामांनी शाल घडी घालून देव्हाऱ्यासमोर ठेवली. खूश दिसत होते. "मी लपवलं नाय," ते म्हणाले. "घातला तर घातला म्हंगलं."

"मान गेला बाबा आपला."

"मान गेला. पन मान खाली नाय गेली."

"तुमची नाही गेली," मनाली म्हणाली आणि भात लावायला उठली.

जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं, महेंद्रला ती होडी आवडलीय. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी तशीच एक मनालीनं करून द्यायची. फक्त बिनभोकाची. सखारामांनी पारावरच हो म्हटलं होतं.

"बिनभोकाची जळेल."

"मंग दुसरा काय उपाय कर. तू हुशार हायस."

"नाही करणार, बाबा."

असं ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल. सखारामांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नवऱ्याकडंपन असंच केलं असशील," आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी थेट बोलले नाहीत. चहा पाहिजे असला तरी दारातून जाणाऱ्या गंगुबाईला सांगायचे, तिला सांग म्हणून. मनाली चहा ठेवायची. दुकानात लोक जळके कंट्रोलर घेऊन यायचे, ती त्यांना हवेला वाट ठेवा, पाण्याला वाट ठेवा, म्हणून सांगायची. लोक ऐकायचे. अपूर्वनं नवा कंट्रोलर देऊ केला, तो तिनं घेतला नाही.

पुढची नारळी पौर्णिमा महेंद्रची. समोरच्या काठावरून सजवलेली बोट भाड्यानं आली होती, पण पाहुण्यांची भाषणं लांबली आणि ओहोटी लागली. गाळ उघडा पडला. बोट धक्क्यापासून लांबच रुतून बसली, नाखवा तिथून हात हलवून नाही नाही म्हणत होता. मग महेंद्रनं धक्क्यावरूनच नारळ फेकला. तो चिखलात पडला, जेमतेम धक्क्याच्या सावलीबाहेर, आणि सोनेरी कागद उन्हात चमकत तिथंच राहिला.

माईकवरचा माणूस ओरडला, "सोन्याचा नारल मधल्या धारेला पोचलेला हाय! बोला, एकवीरा आईचा—"

"उदो!" सगळा काठ ओरडला. बेंजो सुरू झाला.

सखाराम पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते, खांद्यावर शाल. त्यांना आता लांबचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, हात जोडले आणि मागे उभ्या असलेल्या लेकीकडे वळून, कितीतरी महिन्यांनी स्वतःहून, विचारलं, "गेला ना गो, मने? मधल्या धारेला गेला ना?"

मनालीनं चिखलाकडे बघितलं. दोन कावळे नारळाच्या कागदाशी झोंबत होते.

"गेला, बाबा," ती म्हणाली.